विद्यापीठातला संघर्षाचा अभ्यास आणि दिल्लीतली फाईल: मधली वाट मराठवाड्यातून कशी काढायची?

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा विषय आहे. युद्धे का पेटतात, ती कशी थांबतात, निर्बंधांची झळ नेमकी कोणाला बसते, हे मी गेली बारा-तेरा वर्षे पदव्युत्तर वर्गात सांगत आलो आहे. हा धागा काढण्यामागे एक प्रसंग आहे, तो आधी सांगतो.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या दुपारी आमच्या कार्यालयातील एक लिपिक माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा खारकीवला वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षात होता आणि युक्रेनचे आकाश त्याच दिवशी नागरी विमानांना बंद झाले होते. मुलाने मेट्रोच्या भुयारी स्थानकातून पाठवलेला फोटो त्यांनी मला दाखवला. फरशीवर अंथरलेली रजई, तिच्या कडेला बुटांची रांग आणि एकाच चार्जरला लावलेले तीन मोबाईल एवढेच त्यात होते. ते म्हणाले, "सर, तुम्ही हेच शिकवता ना? मग हे होणार आहे, असे आम्हाला कोणी का सांगितले नाही?" मुलगा पुढे ऑपरेशन गंगामध्ये सुखरूप परतला, पण तो प्रश्न मला अजून सोडत नाही. सीमेवर सैन्य जमत असल्याच्या बातम्या कित्येक आठवडे येत होत्या, मी त्यांवर वर्गात बोलतही होतो. राहणे अत्यावश्यक नसेल तर तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असे आपल्या दूतावासाने १५ फेब्रुवारीला विद्यार्थ्यांना कळवले होते. ज्या शहरातून दरवर्षी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जातात, त्या शहरात बसून मी हे दोन धागे एकमेकांना जोडले नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयाला एका पानाचे टिपण द्यावे, हे माझ्या मनातही आले नाही.

"दिल्ली आमचे ऐकत नाही" हे आम्हा प्राध्यापकांचे ठरलेले वाक्य आहे. त्यात तथ्य आहेच. सप्रू हाऊसमधील भारतीय विश्व कार्य परिषद १९४३ ची, संरक्षण अध्ययन संस्था १९६५ ची आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालेले आंतरराष्ट्रीय अध्ययनाचे विद्यालय १९५५ चे. हे सगळे दिल्लीतच असल्यामुळे मंत्रालयातील अधिकाऱ्याला तज्ज्ञ हवा असला की तो त्याला अर्ध्या तासाच्या अंतरावर सापडतो. संभाजीनगरचे विद्यापीठ १९५८ चे आणि नांदेडचे १९९४ चे. तिथल्या माणसाला कोण कशाला बोलावेल?

परंतु मला अलीकडे वाटू लागले आहे की तक्रारीचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे आहे. आपले प्रबंध बहुधा दिल्लीला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी दिल्लीला सांगतात. गलवानवर वर्तमानपत्रांतील कात्रणांच्या आधारे लिहिलेला प्रबंध परराष्ट्र मंत्रालयाला नवे काय देणार? त्यांच्याकडे दूतावासांचे अहवाल आहेत, उपग्रहांची छायाचित्रे आहेत. दूरचा संघर्ष आपल्या दारात कोणत्या रूपाने येऊन उभा राहतो, हे मात्र आपल्याला दिसते आणि त्यांना दिसत नाही.

उदाहरण म्यानमारचे घ्या. तिथे १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. त्यानंतर सशस्त्र प्रतिकाराचा सर्वांत मोठा जोर सगाईंग आणि मॅग्वे या मध्यवर्ती कोरडवाहू प्रदेशांत राहिला, आणि तूर पिकते ती याच पट्ट्यात. सत्तांतराला पाच महिने होण्याच्या आत, जून २०२१ मध्ये, भारताने म्यानमारशी दरवर्षी १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद घेण्याचा, २०२५-२६ पर्यंतचा करार केला. म्हणजे परराष्ट्र धोरण, एका देशातील यादवी आणि लातूरच्या बाजारातील तुरीचा भाव ही एकाच दोरीची तीन टोके आहेत. ही दोरी पूर्ण पाहिलेला माणूस परराष्ट्र मंत्रालयात असेल का, याची मला शंका आहे. तो आपल्या विद्यापीठातही नाही. पण तो इथे घडवता येईल.

म्हणून माझा प्रश्न असा आहे: समजा आपण हे काम नीट केले, तर ते कोणाच्या हातात द्यायचे, कोणत्या रूपात आणि केव्हा? ज्यांनी सरकारी कामकाज आतून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_समितीशाखा

धागाकर्त्यांचे मनापासून आभार. माझी बरीचशी नोकरी संसदीय समित्यांच्या कामात गेली, म्हणून जे पाहिले तेच लिहितो.

बहुतेक प्राध्यापक थेट मंत्र्यांना किंवा सचिवांना पत्र लिहितात. ते पत्र आवक नोंदवहीत चढते, मग संबंधित शाखेकडे जाते. तिथल्या अधिकाऱ्यासमोर त्या दिवशी त्या विषयाची फाईल उघडी नसेल, तर ते पत्र नुसते पडून राहते. यात दुष्टपणा नसतो. चालू फाईलवर ज्याची टिपणी लिहायची आहे, तेवढेच अधिकारी वाचतो, आणि तुमचा कागद त्या टिपणीच्या वेळी हाताशी नसेल तर तो कितीही चांगला असो, त्याचा उपयोग होत नाही.

संसदेच्या विभागसंलग्न स्थायी समित्यांचे दार मात्र खरोखर उघडे असते आणि आपल्या भागातून ते फारसे कोणी ठोठावत नाही. ही समित्यांची व्यवस्था १९९३ मध्ये सुरू झाली, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर होते, हे इथल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. सुरुवातीला १७ समित्या होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. समिती एखादा विषय तपासायला घेते तेव्हा अनेकदा जाहीर सूचना काढून तज्ज्ञ, संस्था आणि सामान्य नागरिक यांच्याकडून निवेदने मागवते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागते आणि प्रत्यक्ष साक्ष देण्याची इच्छा असेल तर तसे त्यातच लिहायचे असते. निवेदने आली की सचिवालयातील अधिकारी त्यांतून मुद्दे काढतात, त्या मुद्द्यांवरून मंत्रालयाला प्रश्न जातात आणि मंत्रालयाला त्यांची लेखी उत्तरे द्यावी लागतात. समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेल्यावर शिफारशींवर काय केले, हे सरकारला तीन महिन्यांत कळवावे लागते. तुमच्या निवेदनातील एक वाक्य प्रश्न बनून सहसचिवाच्या टेबलावर गेले, तर त्याला उत्तर देणे भाग पडते. मंत्र्यांना लिहिलेल्या पत्राला ही ताकद नसते.

तुमच्या तुरीच्या उदाहरणासाठी परराष्ट्र व्यवहार समितीपेक्षा ग्राहक व्यवहार व अन्न समिती किंवा वाणिज्य समिती अधिक उपयोगी ठरेल. आपण काय लिहितो याइतकेच ते कोणत्या दारी नेतो हेही पाहावे. समित्यांची मुदत एका वर्षाची असते. नवी समिती सामान्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बसते आणि वर्षभराचे विषय तेव्हाच ठरवते, म्हणून विषय सुचवायचा असेल तर मराठवाड्यातील आठ खासदारांपैकी जे त्या समितीवर असतील त्यांच्याकडे गणपतीच्या आसपास जावे. दिवाळीनंतर गेलात तर उशीर झालेला असतो.

आडत_तिसरी_पिढी

मी लातूरच्या बाजारात आडतीचा व्यवसाय करतो. मोठ्या विषयांत बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण तुरीचे नाव निघाले म्हणून लिहितो आहे.

सरांनी म्यानमारचा जो पट्टा सांगितला, तिथून येणाऱ्या तुरीला बाजारात 'लेमन' म्हणतात. टांझानियाची 'अरुशा' आणि 'मटवारा', मोझांबिकची 'गजरी'. माझ्या पेढीवरचा सोळा वर्षांचा पोरगाही मूठभर दाणे तळहातावर घेऊन कोणता माल कुठला ते सांगतो. आपल्या तुरीचा दाणा त्याला डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखता येतो. पण त्या पोराला किंवा मलासुद्धा सगाईंग हे नाव आज या धाग्यावर पहिल्यांदा कळले. आम्हाला फक्त "बर्म्यात गडबड आहे, माल अडकलाय" एवढा निरोप मुंबईच्या दलालाकडून येतो आणि त्यावर आमचे लाखोंचे व्यवहार होतात.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगतो. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ किरकोळीला किलोमागे २०० रुपयांवर गेली. मग सरकारने घाईघाईने बाहेर हात पसरले आणि जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला. त्यात आयात वाढवत पुढे वर्षाला २ लाख टनांपर्यंत नेण्याचे ठरले. त्याच खरिपात आपल्याकडे पाऊस चांगला झाला आणि आदल्या वर्षीचा भाव पाहून शेतकऱ्याने तुरीचा पेरा वाढवला. २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आवक इतकी झाली की यार्डात बैलगाडी वळवायला जागा उरली नाही. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि सौदे त्याच्या खाली फुटत होते. खरेदी केंद्रावर बारदाना संपला. आमच्या पेढीचा एक जुना शेतकरी ट्रॅक्टरमध्ये माल घेऊन केंद्राबाहेर सहा रात्री झोपला आणि सातव्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मालक, जो भाव देता तो द्या, पण आता उतरवून घ्या." आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. तोवर शेतकऱ्याच्या घरातला माल संपला होता.

करार करणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण डाळ दोनशेवर गेली की गरिबाच्या ताटातून वरण जाते. पण जून-जुलै महिन्यात पेरा किती वाढला हे लातूर, धाराशिव, बीड इथल्या प्रत्येक आडत्याला ठाऊक होते. परदेशाशी करार करणाऱ्या माणसाला ते त्या वेळी कोणी सांगितले असते तर? आम्हाला विचारायला आजपर्यंत एकही प्राध्यापक यार्डात आलेला नाही, हे मी राग म्हणून लिहीत नाही.

मांजराकाठ

दादा, तुमचा शेवटचा शब्द मला लागला आणि तो लागायलाच हवा होता. माझे महाविद्यालय तुमच्या यार्डापासून पस्तीस किलोमीटरवर आहे.

गोदातीर_अध्यापक

चर्चा मोलाची चालली आहे, पण एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. विद्यापीठ सरकारच्या जवळ जाते तेव्हा सरकारही विद्यापीठाच्या जवळ येते, आणि त्याचे परिणाम विषय आंतरराष्ट्रीय संघर्षाचा असताना अधिक गंभीर होतात.

१९६४-६५ मध्ये अमेरिकी लष्कराने 'कॅमलॉट' नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. विकसनशील देशांत अंतर्गत उठाव कशामुळे होतात, याचा समाजशास्त्रज्ञांकडून अभ्यास करून घ्यायचा, हा त्याचा हेतू होता. प्रश्न अभ्यासाच्या दृष्टीने अगदी योग्य होता. पण पैसा लष्कराचा आहे ही गोष्ट सहभागी होऊ घातलेल्या परदेशी अभ्यासकांना स्पष्टपणे सांगितली गेली नव्हती. शांतता-अभ्यासाचे नॉर्वेजियन प्रवर्तक योहान गाल्टुंग तेव्हा चिलीमध्ये शिकवत होते. त्यांनी सहभागास नकार दिला, प्रकरण तिथल्या संसदेत आणि वर्तमानपत्रांत गेले आणि जुलै १९६५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. त्यानंतर लॅटिन अमेरिकेत प्रामाणिक संशोधकाकडेही लोक हेर म्हणून पाहू लागले.

उलट उदाहरणही देतो. २६ सप्टेंबर २००२ रोजी अमेरिकेतील ३३ आंतरराष्ट्रीय संबंध अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पैसे भरून जाहिरात दिली आणि इराकवरील युद्ध देशाच्या हिताचे नाही असे सांगितले. त्यांतील बहुतेक अभ्यासक लष्करी बळाला महत्त्व देणाऱ्या विचारसरणीचे होते, त्यामुळे त्यांना भाबडे म्हणता येत नव्हते. सहा महिन्यांत युद्ध झाले. त्यांचे कोणी ऐकले नाही, पण त्यांनी जे लिहिले ते सर्वांसमोर लिहिले, म्हणून आज ते तपासता येते आणि शिकवता येते.

आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये असा आदेश निघाला होता की देशाची सुरक्षा, सीमा वगैरे विषयांवरील आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांसाठी सरकारी विद्यापीठांनी परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्यावी. देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि अध्यापकांनी आक्षेप घेतल्यावर तो पुढच्याच महिन्यात मागे घेतला गेला. आमच्याकडे तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण अध्यापक, ज्याला पुढच्या जूनमध्ये नोकरी असेल की नाही हे ठाऊक नसते, तो अशा वातावरणात सरकारला न रुचणारा निष्कर्ष लिहील काय? म्हणून माझे मत असे की आधी सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे आणि मगच सरकारच्या दारी जावे. गोपनीय सल्लागार होण्याची हौस विद्यापीठाने धरू नये.

पूर्णा_परभणी

मी संशोधक विद्यार्थिनी आहे आणि म्यानमारमधील २०२१ नंतरची परिस्थिती व भारताचे धोरण हाच माझा विषय आहे. त्यामुळे हा धागा वाचताना हात थरथरत होते.

प्रथम माझी चूक सांगते. दीड वर्षापूर्वी मी माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणे, एकूण १४० पाने, एका सरकारी कार्यालयाला ईमेलने पाठवली. उत्तर आले नाही. मी ते फार मनाला लावून घेतले आणि कोणाला बोललेही नाही. वरच्या प्रतिसादांमुळे आज कळते आहे की मी योग्य माणसाला, योग्य वेळी आणि वाचता येईल अशा आकारात काहीच पाठवले नव्हते.

आता कामाचे थोडे लिहिते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठ जगभरातील सशस्त्र संघर्षांच्या नोंदी ठेवते आणि त्या कोणालाही विनामूल्य मिळतात. एका वर्षात लढाईत किमान २५ माणसे मेली, तर त्यांच्या यादीत तो संघर्ष धरला जातो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६३ मध्ये सुरू झालेल्या जुन्या प्रकल्पात 'युद्ध' म्हणण्यासाठी १,००० मृत्यूंची अट आहे. एकच देश एका यादीत युद्धग्रस्त आणि दुसऱ्या यादीत नाही, असे होऊ शकते. धोरण आखणाऱ्यासमोर कोणी नुसता आकडा टाकला तर त्याची फसगत होते. तो आकडा कोणत्या अटीवर उभा आहे हे एका वाक्यात सांगणे हे आपलेच काम आहे.

उप्सालाच्या नोंदींत प्रत्येक घटनेचे ठिकाण आणि दिनांक असतो. दुसरीकडे आपल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर, अ‍ॅगमार्कनेटवर असतात. मी सगाईंग-मॅग्वेच्या घटना आणि लातूरचा तुरीचा भाव एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायला घेतले आहे. मांडताना एक गोष्ट ध्यानात आली. तिकडे चकमक झाली म्हणून इकडे दुसऱ्या दिवशी भाव हलावा, अशी सरळ रेघ तिथे नाही. मध्ये रस्ता आहे, यांगूनचे बंदर आहे आणि मुख्य म्हणजे डॉलरचा नियम आहे. एप्रिल २०२२ मध्ये म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेने निर्यातदारांना परकीय चलन सरकारी दराने स्थानिक चलनात बदलून घेण्याची सक्ती केली. सरकारी दर एका डॉलरला १,८५० क्याट (तिथले चलन) होता आणि खुल्या बाजारातला दर त्याच्या वर होता. त्या फरकाचा तोटा निर्यातदारावर, म्हणून अखेर तिथल्या शेतकऱ्यावर पडतो. संघर्षाचा परिणाम पाहायचा तर गोळीबाराच्या बातमीइतकीच बँकेची परिपत्रकेही वाचावी लागतात, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते.

आडतदार काका, तुम्ही 'लेमन' म्हणालात. माझ्या तक्त्यात नुसता 'तूर' असा रकाना आहे. आयात माल आणि देशी माल यांचे भाव वेगळे नोंदवले नाहीत तर माझा सगळा तक्ता आंधळा आहे, हे मला तुमच्या एका ओळीने दाखवले.

नांदेडचा_वाचक

मी अभ्यासक नाही, इतिहासाची आवड आहे. या विषयात मराठवाडा परका नाही, एवढेच आठवण करून देण्यासाठी लिहितो.

१९४८ मध्ये आपण स्वतःच एका आंतरराष्ट्रीय वादाचा विषय होतो. हैदराबाद संस्थान आणि भारत यांच्यातला २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार मोडकळीस आला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला परिषदेने तो विषय चर्चेला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, हैदराबादने शस्त्रे खाली ठेवली. माझे आजोबा स्टेट काँग्रेसच्या सीमेवरील कॅम्पमध्ये होते. पॅरिसमध्ये आपल्या गावाबद्दल बोलले जात आहे, हे त्यांना त्या वेळी ठाऊकही नव्हते.

दुसरा मुद्दा असा की अभ्यास सरकारकडे जावा, तसा सरकारचा कागदही अभ्यासकाकडे यायला हवा. पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल यांच्या समितीने आपल्या भागात फिरून सरकारला अहवाल दिला. तो कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ चा आहे आणि सरकारने तो अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. याउलट के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल समितीचा अहवाल काही भाग वगळून का होईना, वर्षभरात लोकांसमोर आला आणि त्यातून संरक्षण व्यवस्थेत बदल झाले. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि त्याखालील नियमांत पंचवीस वर्षांनंतर कागद खुले करण्याची तरतूद आहे. नांदेडच्या विद्यार्थ्याने निजामकालीन संघर्षावर लिहायचे आणि मूळ कागद त्याला पाहायला मिळू नयेत, मग त्याच्या लेखनाला धोरणकर्त्याने कच्चे म्हणावे, हे न्यायाचे नाही.

निवृत्त_समितीशाखा

गोदातीर सरांच्या मुद्द्यावर एक बाब स्पष्ट करतो, कारण इथे अनेकांची गफलत होते. समितीला दिलेले निवेदन समितीच्या अभिलेखाचा भाग होते, ते गोपनीय मानले जाते आणि त्याला समितीचे विशेषाधिकार लागू होतात. ते परस्पर वर्तमानपत्राला देणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. पण हे बंधन निवेदनाला आहे, त्यामागच्या संशोधनाला नाही. म्हणून सर म्हणतात तोच क्रम योग्य आहे. लेख, आकडे आणि तक्ता आधी प्रसिद्ध करा, आणि निवेदनात त्याचा आधार देऊन आपल्या शिफारशी लिहा. मग स्वातंत्र्यही राहते आणि नियमही पाळला जातो.

पूर्णाताई, १४० पानांचे दोन पानांत आणा. पहिल्या परिच्छेदात फक्त हे यावे की कोणत्या निर्णयात, कोणत्या महिन्यात, काय वेगळे करता येईल. सिद्धान्त, पूर्वसंशोधनाचा आढावा वगैरे परिशिष्टात जाऊ द्या. आणि "सरकारने लक्ष द्यावे" असे वाक्य लिहू नका, कारण त्यावर कोणतीही कृती करता येत नाही. "आयात कराराचा वार्षिक आढावा जुलैच्या पेरणी अहवालानंतर घ्यावा" असे लिहिले की त्याला हो किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते.

आणखी एक. परराष्ट्र मंत्रालयात २०१४ पासून राज्यांशी समन्वय ठेवणारा स्वतंत्र विभाग आहे. परदेशी शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न त्या वाटेने, राज्य सरकारमार्फत नेता येतो.

अहमदपूरची_आई

मी एरवी इथे फक्त वाचते. माझी मुलगी सध्या किर्गिझस्तानमध्ये एमबीबीएस करत आहे. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले, तेव्हा आम्ही दोन रात्री फोन हातात धरून बसलो होतो. आमच्या गल्लीतल्या इतर दोन घरांतील मुलेही तिकडेच आहेत, हे मला त्या रात्री कळले. तुम्ही एवढे शिकलेले लोक तालुकानिहाय साधी यादी तरी करा, की कोणत्या देशात आपली किती मुले आहेत आणि तिथे परिस्थिती कशी आहे. ज्या दिवशी दूतावासाची सूचना निघेल, त्या दिवशी ती मराठीत आमच्यापर्यंत यावी. दिल्लीला काय सांगायचे ते तुम्ही ठरवा, पण आम्हालाही सांगत जा.

मांजराकाठ

ताई, तुमचे बरोबर आहे. मी धागा काढताना धोरणकर्ता म्हणजे दिल्लीतला अधिकारी एवढेच धरून चाललो होतो. मुलीला कोणत्या देशात पाठवायचे, हा निर्णय घेणारी आईही धोरणच ठरवत असते आणि तिला आमच्या अभ्यासाची गरज आधी आहे. यादीचे काम आमच्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना करू शकेल. मुलांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक उघड्यावर पडणार नाहीत याची काळजी घेऊन ते कसे करायचे, हे मी प्राचार्यांशी या आठवड्यात बोलतो.

तुरीच्या कामाबद्दल माझा विचार ठरला आहे. पूर्णाताईंनी तक्ता करावा, मी त्याला दोन पानांचे टिपण जोडतो आणि गोदातीर सरांनी ते छापण्याआधी अत्यंत कठोरपणे वाचावे, विशेषतः आम्ही जिथे पुराव्यापुढे धावलो असू तिथे. मराठीत आणि इंग्रजीत ते एकाच दिवशी प्रसिद्ध करू. म्यानमारशी झालेल्या कराराची मुदत २०२५-२६ पर्यंतची असल्याने त्याचा हिशेब मांडायला याहून योग्य वेळ नाही. त्यानंतर समितीच्या सूचनेकडे लक्ष ठेवण्याची विनंती निवृत्त साहेबांना करतो.

आडतदार दादा, एकच मागणे आहे. आयात मालाचे वेगळे भाव आम्हाला सरकारी नोंदींत सापडत नाहीत. तुमच्याकडे विक्रीच्या हिशेबाच्या जुन्या पट्ट्या असतील का?

आडत_तिसरी_पिढी

२००९ पासूनच्या पट्ट्या माळ्यावर आहेत, वर्षवार गठ्ठे बांधलेले. त्यांत लेमन, गजरी आणि गावरान वेगळे लिहिलेले आहे, कारण वडिलांची तशी शिस्त होती. शेतकऱ्यांची नावे झाकून बाकी सगळे उतरवून घ्या. मधल्या दोन वर्षांच्या गठ्ठ्यांना उंदीर लागला होता, तेवढे शेजारच्या पेढीतून मिळवून देतो.

सोमवारी या. सौद्याच्या वेळी पोहोचलात तर आधी अर्धा तास माझ्याबरोबर ढिगाऱ्यांमधून फिरा आणि दाणा हातात घेऊन पाहा, कागदांकडे मग बसू. पूर्णाताईंना परभणीहून सकाळच्या गाडीने येता येत असेल तर स्टेशनवर मी मुलाला पाठवतो.